रिचर्ड बेलमन: जुन्या राउटरच्या रिप प्रोटोकॉलमागचा माणूस

इंजिनिअरिंगला कम्प्युटर किंवा आयटी घेतलं असेल तर बेलमन-फोर्ड हे नाव तुम्ही नक्की ऐकलंय. अल्गोरिदमच्या पेपरातला हमखास प्रश्न. एक ग्राफ, एक टेबल, आणि टेबल भरता भरता संपलेला वेळ. पेपर झाला की नाव डोक्यातून जातं. पण ते नंतर दोन ठिकाणी परत भेटतं. एकदा प्लेसमेंटच्या तयारीत, डायनॅमिक प्रोग्रामिंगच्या रूपात. आणि नेटवर्कचं काम अंगावर पडलं तर दुसऱ्यांदा, एखाद्या लहान ऑफिसातल्या धूळ बसलेल्या राउटरमध्ये, रिप नावाच्या जुन्या प्रोटोकॉलच्या पोटात.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, नेटवर्क इंजिनिअर नाही. पण छोट्या टीममध्ये जो मोकळा दिसेल त्याच्या गळ्यात राउटर पडतो, हे तुम्हाला माहीतच असेल. तसा तो माझ्याही गळ्यात पडला. त्या निमित्ताने रिप नीट समजून घेतला, आणि समजून घेता घेता रिचर्ड बेलमन या माणसाच्या आयुष्यापर्यंत पोचलो. आज त्यांचीच गोष्ट सांगतो. शेवटी, तुमच्याकडेही असा जुना राउटर आला तर काय बघायचं, तेही सांगतो.

किराणा दुकानदाराचा मुलगा

रिचर्ड बेलमन यांचा जन्म २६ ऑगस्ट १९२० रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. आईवडील पोलिश-रशियन मुळाचे ज्यू. वडिलांचं ब्रुकलिनमध्ये, प्रॉस्पेक्ट पार्कजवळच्या बर्गन स्ट्रीटवर, लहानसं किराणा दुकान होतं. रिचर्ड नऊ वर्षांचे असताना अमेरिकेत महामंदी आली. म्हणजे शाळेची सगळी वर्षं टंचाईच्या काळातली.

१९३७ मध्ये ते अब्राहम लिंकन हायस्कूलमधून बाहेर पडले आणि ब्रुकलिन कॉलेजात गणित शिकायला गेले. १९४१ मध्ये पदवी घेतली, त्यानंतर विस्कॉन्सिन विद्यापीठातून मास्टर्स केलं. तोवर दुसरं महायुद्ध पेटलेलं होतं. युद्धाच्या काळात ते लॉस अलामोसला, अणुबॉम्बचं काम जिथे चाललं होतं तिथे, सैद्धांतिक भौतिकशास्त्राच्या विभागात होते. युद्ध संपलं आणि १९४६ मध्ये त्यांनी प्रिन्स्टनमधून पीएचडी पूर्ण केली. मार्गदर्शक होते सॉलोमन लेफशेट्झ, त्या काळातले फार मोठे गणितज्ञ. विषय होता डिफरन्शियल इक्वेशन्सची स्थिरता, म्हणजे एखादी यंत्रणा थोडी हलवली तर परत जागेवर येते की भरकटत जाते, याचं गणित.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. राउटरचं काहीतरी बिघडलं की नेटवर्क जागेवर येतं की भरकटतं, हा प्रश्न आपल्याला पुढे लागणार आहे.

प्रिन्स्टनची पीएचडी, मोठे गुरू, नंतर स्टॅनफर्डमध्ये नोकरी. शुद्ध गणितातला मोठा प्राध्यापक होण्याची वाट समोर सरळ दिसत होती. बेलमन त्या वाटेने गेले नाहीत.

रँड नावाची जागा

१९४९ च्या उन्हाळ्यात बेलमन कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका इथे रँड कॉर्पोरेशनमध्ये काम करायला गेले. रँडला पैसा अमेरिकन हवाई दलाकडून यायचा. प्रश्नही तसेच. मर्यादित साधनं आहेत, निर्णय एकदाच घ्यायचा नाही तर टप्प्याटप्प्याने घ्यायचाय, आणि आज घेतलेल्या निर्णयाने उद्या हातात काय उरणार ते ठरतंय. अशा वेळी सगळ्यात चांगली योजना कशी काढायची?

शुद्ध गणितवाल्यांना हे प्रश्न जरा खालच्या दर्जाचे वाटायचे. त्यात सुंदर प्रमेयं कमी आणि आकडेमोड जास्त. बेलमन यांना मात्र हेच आवडलं. कम्प्युटर नुकते जन्माला येत होते. आता उत्तर आकड्यात काढता येणार असेल तर प्रश्नाकडे बघण्याची पद्धतच बदलायला हवी, हे त्यांच्या लवकर लक्षात आलं. १९५२ मध्ये ते कायमचे रँडमध्ये आले आणि १९६५ पर्यंत तिथेच राहिले.

त्यांची मुख्य कल्पना ऐकायला फारच सोपी आहे. समजा तुम्ही लांबच्या प्रवासात मध्येच एका गावी पोचलात. इथवर कसे आलात, चांगल्या रस्त्याने की वाईट, ते झालं गेलं. इथून पुढचा रस्ता मात्र इथून निघणाऱ्या सगळ्या रस्त्यांमध्ये सर्वात चांगला असला पाहिजे. तो नसेल, तर तुमचा पूर्ण प्रवासही सर्वोत्तम असूच शकत नाही. बस, एवढंच. याला ऑप्टिमॅलिटीचं तत्त्व म्हणतात.

या एका गोष्टीतून कमालीची सोय होते. हजारो पूर्ण रस्ते तपासत बसायची गरज उरत नाही. प्रत्येक ठिकाणासाठी एकच आकडा सांभाळायचा: इथून शेवटपर्यंत कमीत कमी किती उरलंय. मग कुठल्याही ठिकाणी निर्णय घेणं सोपं. पुढच्या प्रत्येक शेजारी ठिकाणासाठी बघायचं, तिथे जायला किती लागतं आणि तिथून पुढे किती उरतं. दोन्हींची बेरीज जिथे कमी, तिकडे जायचं. या समीकरणाला आज बेलमन इक्वेशन म्हणतात.

डायनॅमिक प्रोग्रामिंग हे नाव कुठून आलं?

प्लेसमेंटची तयारी करणाऱ्या प्रत्येकाला एकदा तरी पडलेला प्रश्न: यात डायनॅमिक काय आहे? आणि प्रोग्रामिंग तरी कुठे आहे?

बेलमन यांनी आत्मचरित्रात याचा किस्सा सांगितलाय. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यावेळचे अमेरिकेचे संरक्षणमंत्री चार्ल्स विल्सन यांना संशोधन या शब्दाचीच चीड होती, गणिताचं तर नावच काढायला नको. पैसा हवाई दलाचा, म्हणजे शेवटी याच खात्याचा. तेव्हा आपण गणित करतोय हे झाकणारं नाव हवं होतं. प्रोग्रामिंग हा शब्द तेव्हा कोड लिहिणे या अर्थाने रुळलेला नव्हता. लष्करात त्याचा अर्थ नियोजन, वेळापत्रक आखणे असा होता. आणि डायनॅमिक हे विशेषण असं, की ते वाईट अर्थाने वापरताच येत नाही. मग कोण आक्षेप घेणार?

किस्सा मस्त आहे, पण तारखा नीट जुळत नाहीत. विल्सन मंत्री झाले जानेवारी १९५३ मध्ये, आणि डायनॅमिक प्रोग्रामिंग हे नाव असलेला बेलमन यांचा निबंध १९५२ मध्येच छापून आला होता. बऱ्याच वर्षांनी आठवून सांगताना मंत्र्याचं नाव इकडचं तिकडे झालं असावं. पण पैसे देणाऱ्याला न दुखावता आपलं काम चालू ठेवायची धडपड, ती मला खरी वाटते. प्रोजेक्टचं नाव मॅनेजरला आवडेल असं ठेवणारे आपण काही पहिले नाही.

१९५७ मध्ये त्यांचं डायनॅमिक प्रोग्रामिंग याच नावाचं पुस्तक आलं. त्यात त्यांनी स्वतःच्या पद्धतीची मर्यादाही सांगून टाकली. प्रश्नात सांभाळायच्या गोष्टी दोनाच्या चार, चाराच्या आठ झाल्या की टेबल इतकं फुगतं की कुठल्याही कम्प्युटरच्या मेमरीत मावणार नाही. या अडचणीला त्यांनी दिलेलं नाव आज मशीन लर्निंगच्या प्रत्येक कोर्समध्ये येतं: कर्स ऑफ डायमेन्शनॅलिटी.

चार पानांचा निबंध

आता आपल्या राउटरकडे येऊ. १९५८ मध्ये बेलमन यांचा राउटिंगच्या प्रश्नावर एक छोटा निबंध क्वार्टर्ली ऑफ अप्लाइड मॅथेमॅटिक्स या नियतकालिकात आला. अवघी चार पानं. प्रश्न असा मांडला होता: काही शहरं आहेत, त्यांना जोडणारे रस्ते आहेत, प्रत्येक रस्त्याला लागणारा वेळ माहीत आहे. पण वेळ अंतराच्या प्रमाणात नाही, कारण रस्ते कमीजास्त दर्जाचे आणि गर्दी कमीजास्त. तर एका शहरातून दुसऱ्या शहरात कमीत कमी वेळात कसं जायचं?

आपण रोज फोनवरच्या मॅपला हाच प्रश्न विचारतो. फक्त तेव्हा फोन नव्हता, मॅप नव्हता, आणि इंटरनेट तर कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

बेलमन यांचं उत्तर असं. प्रत्येक शहरासाठी शेवटच्या शहरापर्यंतच्या वेळेचा एक कच्चा अंदाज धरा. मग प्रत्येक शहराने आपल्या शेजाऱ्यांचे अंदाज बघून स्वतःचा अंदाज सुधारायचा: शेजाऱ्यापर्यंतचा वेळ अधिक शेजाऱ्याचा अंदाज, यातला सर्वात कमी तो घ्यायचा. सगळ्यांचं झालं की परत एक फेरी. असं करत करत आकडे बदलायचे थांबतात, आणि जे उरतं ते बरोबर उत्तर असतं. शहरांची संख्या जेवढी, त्याहून कमी फेऱ्यांत काम होतं.

श्रेयाच्या बाबतीत एक गोष्ट सांगायलाच हवी. ही कल्पना त्या वर्षांत एकट्या बेलमन यांनाच सुचली असं नाही. आल्फोन्सो शिंबेल यांनी १९५५ मध्ये, रँडमधल्याच लेस्टर फोर्ड यांनी १९५६ मध्ये, एडवर्ड मूर यांनी १९५७ मध्ये याच्याच जवळपासच्या पद्धती मांडल्या होत्या. म्हणून नाव बेलमन-फोर्ड असं जोडीने घेतात, आणि काही ठिकाणी मूर यांचंही नाव जोडतात. शिंबेल बहुतेक वेळा राहूनच जातात.

शेजाऱ्याला विचारणारे राउटर

बेलमन यांच्या हिशोबात सगळे रस्ते एकाच कागदावर होते, गणित करणारा एकच होता. पण त्यांच्या समीकरणात एक गोष्ट लपलेली होती: प्रत्येक ठिकाणाला फक्त शेजाऱ्यांचे आकडे लागतात. पूर्ण नकाशा कोणालाच लागत नाही. मग हे काम एकाच कम्प्युटरने कशाला करायचं? प्रत्येक राउटर आपापला आकडा सांभाळेल आणि शेजाऱ्याला सांगेल.

१९६९ मध्ये इंटरनेटची आजी म्हणता येईल अशी आर्पानेट सुरू झाली, तेव्हा तिच्यातलं राउटिंग याच पद्धतीने व्हायचं. या पद्धतीला डिस्टन्स व्हेक्टर म्हणतात. म्हणजे कुठल्या नेटवर्कपर्यंत किती अंतर, याची यादी. प्रत्येक राउटर ठरावीक वेळाने आपली यादी शेजाऱ्यांना देतो.

पुढे झेरॉक्सच्या प्रयोगशाळेतल्या नेटवर्कमध्ये ही पद्धत रुजली, तिथून १९८३ च्या सुमारास बर्कली युनिक्समध्ये आली, आणि जून १९८८ मध्ये रिप या नावाने तिचा अधिकृत कागद निघाला. त्या कागदात बेलमन यांचं नाव आहे. त्याच झेरॉक्सच्या घराण्यातून नोव्हेलच्या आयपीएक्स नेटवर्कचा रिप निघाला. नव्वदच्या दशकात ज्या ऑफिसांत नोव्हेलचा सर्व्हर असायचा तिथे हाच चालायचा. अॅपलच्या अॅपलटॉकमध्येही याच जातीचा प्रोटोकॉल होता.

तपशिलात फरक होते. आयपीवरचा रिप दर ३० सेकंदांनी यादी पाठवतो आणि मध्ये किती राउटर लागतात तेवढंच मोजतो. आयपीएक्सवाला दर ६० सेकंदांनी पाठवायचा आणि आधी वेळ मोजायचा, टिक नावाच्या एककात. एक टिक म्हणजे सेकंदाचा साधारण अठरावा भाग. अॅपलटॉकवाला तर दर १० सेकंदांनी बोलायचा. जिथे ऑफिस आयएसडीएन फोन लाइनने जोडलेलं असायचं आणि लाइनचं बिल मिनिटावर यायचं, तिथे ही बडबड महागात पडायची. कोणी काम करत नसलं तरी राउटरची यादी पाठवायची वेळ झाली की लाइन लागायची. म्हणून तेव्हाच्या राउटरमध्ये या याद्या अडवून धरायच्या खास सेटिंग असायच्या.

वाईट बातमी हळू का पोचते?

आता ती स्थिरतेची गोष्ट. समजा एका कंपनीची तीन ठिकाणं एका ओळीत जोडलेली आहेत: हेड ऑफिस, गोदाम, शोरूम. हेड ऑफिसच्या नेटवर्कपर्यंत हेड ऑफिसच्या राउटरचं अंतर १, गोदामाचं २, शोरूमचं ३.

हेड ऑफिस आणि गोदाम यांच्यातली वायर तुटली. गोदामाच्या राउटरला कळलं, वाट बंद. पण तो कोणाला काही सांगायच्या आत शोरूमची यादी येते: माझ्याकडून हेड ऑफिस ३ वर आहे. शोरूमची ती वाट गोदामातूनच जात होती, पण यादीत फक्त आकडा असतो, वाट नसते. गोदाम खूश. शोरूममार्गे जाऊ, ३ अधिक १ म्हणजे ४. पुढच्या यादीत हे शोरूमला कळतं, तो स्वतःचा आकडा ५ करतो. मग गोदाम ६, शोरूम ७. दोघं एकमेकांच्या भरवशावर वर वर मोजत राहतात, आणि हेड ऑफिसकडे निघालेला डेटा दोघांच्या मध्ये चेंडूसारखा फिरतो. याला काउंट टू इन्फिनिटी म्हणतात.

बेलमन यांचं गणित चुकलं का? नाही. खरं उत्तर आता अनंत आहे, कारण वाटच उरलेली नाही, आणि राउटर त्या अनंताकडेच निघालेत, एकेक पायरी चढत. गणित बरोबर आहे, पण लागणारा वेळ ऑफिसला परवडणारा नाही.

रिपने यावर केलेला उपाय अगदी देशी जुगाडासारखा आहे. अनंत म्हणजे १६, असं ठरवूनच टाकलं. आकडा १६ झाला की ते ठिकाण गेलं असं समजायचं. म्हणून रिपमध्ये जास्तीत जास्त १५ राउटरपर्यंतच जाता येतं. शिवाय दोन शहाणपणाचे नियम जोडले. ज्याच्याकडून वाट कळली त्यालाच ती परत सांगायची नाही, हे स्प्लिट होरायझन. आणि काही बदललं तर ३० सेकंद थांबायचं नाही, लगेच कळवायचं. यातून वरचं तिघांचं भांडण मिटतं. पण तीन राउटर त्रिकोणात जोडलेले असतील तर अफवा फिरून परत येऊ शकते, आणि तेव्हा शेवटी तो १६ चा आकडाच वाचवतो.

आर्पानेटने याच कटकटींमुळे १९७९ मध्ये पद्धत बदलली. प्रत्येक राउटरकडे पूर्ण नकाशा ठेवायचा आणि त्यावर डाइकस्ट्रा यांच्या १९५९ च्या अल्गोरिदमने वाट काढायची. आजचा ओएसपीएफ त्याच घराण्यातला. पण बेलमन यांची पद्धत संपली नाही. जगभरातल्या इंटरनेट कंपन्या एकमेकींना वाटा सांगतात तो बीजीपी प्रोटोकॉल अजूनही शेजाऱ्याने शेजाऱ्याला सांगण्यावरच चालतो. फरक एवढाच की तिथे आकड्यासोबत पूर्ण वाटही सांगतात, म्हणजे स्वतःचं नाव दिसलं की कळतं, ही आपलीच अफवा परत आली.

ऑपरेशननंतरची ११ वर्षं

१९६५ मध्ये बेलमन रँड सोडून लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात गेले. पद काय, तर गणित, इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग आणि मेडिसिन, तिन्हींचे प्राध्यापक. औषध शरीरात कसं पसरतं, उपचार टप्प्याटप्प्याने कसे ठरवायचे, असे प्रश्न त्यांना ओढायला लागले होते. मॅथेमॅटिकल बायोसायन्सेस हे नियतकालिक त्यांनीच सुरू केलं.

१९७३ मध्ये त्यांना ब्रेन ट्यूमर असल्याचं निदान झालं. तेव्हा वय ५३ च्या आसपास. ऑपरेशन करून ट्यूमर काढला, पण त्यातून झालेल्या गुंतागुंतीमुळे त्यांना कायमचं मोठं अपंगत्व आलं. इथे बहुतेकांचं काम थांबलं असतं, आणि कोणी नावंही ठेवली नसती.

त्यांनी त्यानंतरच्या ११ वर्षांत १०० हून जास्त शोधनिबंध प्रसिद्ध केले. पूर्ण आयुष्याचा हिशोब ६१९ निबंध आणि ३९ पुस्तकं असा सांगतात. १९७६ मध्ये त्यांना जॉन फॉन नॉयमन थिअरी प्राइझ मिळालं, १९७९ मध्ये आयईईईचं सर्वात मोठं पदक, मेडल ऑफ ऑनर. म्हणजे गणितज्ञाला इलेक्ट्रिकल इंजिनिअरांच्या संस्थेने आपला सर्वोच्च मान दिला. आत्मचरित्र १९८४ मध्ये आलं. त्याच वर्षी १९ मार्चला लॉस एंजेलिसमध्ये त्यांचं निधन झालं. वय ६३.

मला या भागात त्यांचं तत्त्वच दिसतं. इथवर काय झालं ते झालं, आता ज्या अवस्थेत आहोत तिथून पुढची सर्वात चांगली वाट कोणती. हे मी जोडतोय, त्यांनी असं म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही. पण १९७३ नंतरची ती यादी बघितली की दुसरं काही सुचत नाही.

एक योगायोगही सांगतो. रिपचा १९८८ चा कागद ज्या आरएफसी मालिकेत निघाला, तिचं संपादन तेव्हा जॉन पोस्टेल करायचे, आणि ते होते बेलमन यांच्याच विद्यापीठाच्या एका संस्थेत. बेलमन जाऊन चार वर्षं झाली होती.

जुना राउटर हातात आला तर

आता कामाचं. मी बघितलेल्या एका ऑफिसचं उदाहरण देतो. दोन शाखा, दोन्हींकडे १० ने सुरू होणारे पत्ते, मधली जोडणी १९२.१६८ च्या नेटवर्कवर. दोन्हींकडे सिस्को पद्धतीचे जुने राउटर, रिप चालू, वायर ठीक. तरी एका शाखेतून दुसरीकडचा प्रिंटर दिसेना. कारण दोन्ही राउटर आपापल्या छोट्या नेटवर्कचं नाव न सांगता अख्खं १०.०.०.० आपलंच आहे असं एकमेकांना सांगत होते. एक सेटिंग बदलली आणि काम झालं. असा राउटर तुमच्याकडे आला तर क्रमाने हे बघा:

- व्हर्जन: आधी राउटर रिप, मग व्हर्जन २ अशी आज्ञा द्या. पहिल्या व्हर्जनमध्ये सबनेट मास्क पाठवतच नाहीत, आणि यादी सगळ्यांना ओरडून सांगतात. दुसरं व्हर्जन मास्क पाठवतं आणि २२४.०.०.९ या पत्त्यावर फक्त रिपवाल्यांशी बोलतं.
- ऑटो-समरी: नो ऑटो-समरी करून बंद करा. वरच्या ऑफिसातला रोग हाच होता.
- पॅसिव्ह इंटरफेस: ज्या बाजूला फक्त कम्प्युटर आणि प्रिंटर आहेत, तिथे यादी पाठवायची गरज नाही. पण लक्षात घ्या, सिस्कोवर रिपचं पॅसिव्ह म्हणजे पाठवणं बंद, ऐकणं चालूच असतं.
- पासवर्ड: म्हणूनच व्हर्जन २ मधलं ऑथेंटिकेशन लावा. नाहीतर कोणीही खोटी यादी पाठवून ऑफिसचा डेटा स्वतःकडे वळवू शकतो. शेजाऱ्यावर विश्वास ठेवणं हाच या पद्धतीचा पाया आहे, म्हणून शेजारी कोण ते तपासायलाच हवं.
- बाहेरची बाजू: इंटरनेटच्या बाजूला रिप कधीही चालू ठेवू नका, यूडीपी पोर्ट ५२० बंद करा. २०१५ मध्ये घरांतल्या आणि लहान ऑफिसांतल्या अशाच उघड्या राउटरचा पहिल्या व्हर्जनमधून वापर करून दुसऱ्यांच्या सर्व्हरवर हल्ले झाले होते.
- वेळ: बदल केल्यावर लगेच घाबरू नका. शेजारी गप्प झाला तर ती वाट मेली असं समजायला रिप १८० सेकंद घेतो. चहा घ्या, मग टेबल बघा.

दोन-तीन राउटरचं ऑफिस असेल तर खरं म्हणजे स्टॅटिक रूट लिहून टाकणंच सोपं. नवीन काही उभारत असाल तर ओएसपीएफ घ्या. रिप मुद्दाम निवडायचं कारण आज फार उरलेलं नाही. पण चालू असलेला रिप समजून घ्यायचं कारण नक्की आहे, कारण तो बंद करताना काय काय तुटेल हे ज्याला रिप कळतो त्यालाच सांगता येतं.

तुमच्या फोनमध्ये बेलमन

राउटर राहू द्या बाजूला. टाइप करताना चुकलेला शब्द कीबोर्ड सुधारतो, तेव्हा दोन शब्दांमध्ये किती अक्षरांचा फरक आहे हे मोजायची नेहमीची पद्धत डायनॅमिक प्रोग्रामिंगची आहे. मोबाइलच्या सिग्नलमधली गडबड काढून मूळ डेटा ओळखणारा १९६७ चा व्हिटर्बी अल्गोरिदम त्याच जातीचा. गेम खेळायला शिकणाऱ्या एआयचं रीइन्फोर्समेंट लर्निंग उभं आहे ते बेलमन इक्वेशनवर, ज्याची एक महत्त्वाची मांडणी त्यांनी १९५७ मध्येच केली होती.

तेव्हा पुढच्या वेळी अल्गोरिदमच्या पेपरात ते टेबल भरायला आलं तर एकच करा. प्रत्येक रकान्यात आकडा लिहिताना मनात म्हणा, हा या ठिकाणाने शेजाऱ्यांना विचारून काढलेला, पुढे किती उरलंय याचा आकडा आहे. टेबल पाठ करायची गरज पडणार नाही. आणि व्हायव्हात कोणी विचारलं की एक निगेटिव्ह सायकल असेल तर काय होतं, तर उत्तर सोपं आहे: आकडे कमी होत राहतात, फेऱ्या ठरल्या तेवढ्या झाल्या तरी थांबत नाहीत. थांबले नाहीत म्हणजे सायकल आहे.